कवठे महांकाळचे २०१९

सांगली जिल्ह्यात कुणालाही २०१९ बद्दल विचारा, तो महापुराचेच साल सांगेल. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत गेली होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळजवळ बचावाची नाव उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्या आठवड्याने सांगलीचे सारे वर्षच व्यापून टाकले आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, मिरजेहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कवठे महांकाळ तालुका आहे. या तालुक्याने तेच वर्ष वेगळे भोगले. सुरुवात दुष्काळात, मध्य कोरड्या आभाळाखाली आणि शेवट नको तेव्हा आलेल्या पावसात. बारा महिन्यांत एवढ्या टोकाच्या गोष्टी एका तालुक्यावर क्वचितच येतात. त्या वर्षाची नोंद मात्र कुठेच सलग सापडत नाही, कारण पुराच्या बातम्यांत तिला जागा उरली नाही. ती सलग मांडली की एक गोष्ट लख्ख दिसते. इथला दुष्काळ नुसत्या कमी पावसाचा नाही. पाणी कोणत्या उंचीवर आहे आणि ते कोणत्या दिवशी मिळते, याचा हा दुष्काळ आहे.

तालुका तसा वयाने लहान. १ ऑगस्ट १९४९ ला जुन्या सातारा जिल्ह्याचा काही भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून दक्षिण सातारा हा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचे नाव सांगली ठेवले. पुढे १९६५ मध्ये तालुक्यांची फेररचना झाली, तेव्हा आटपाडीबरोबर कवठे महांकाळ हा स्वतंत्र तालुका निघाला. सह्याद्रीच्या कड्यावरून ढग पूर्वेला येता येता रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इकडे नागज, ढालगाव, आरेवाडीच्या माळावर पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक साल बरे गेले म्हणतात. अग्रणी ही इथली नदी. खानापूर तालुक्यात उगम पावते, तासगाव आणि कवठे महांकाळमधून वाहत कर्नाटकात जाते आणि कृष्णेला मिळते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते.

२०१९ ची सुरुवात खरे तर २०१८ च्या ३१ ऑक्टोबरला झाली. त्या दिवशी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला आणि त्यात कवठे महांकाळचे नाव होते. परतीचा पाऊस दगा देऊन गेल्यामुळे रब्बीची ज्वारी ओलीअभावी खुरटली. जानेवारीपासून विहिरी तळाला लागल्या. द्राक्षाचा हंगाम कसाबसा उरकला, पण खरी कसोटी एप्रिलनंतरची होती. एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी होते. वेल पार खाली छाटतात आणि नव्या काडीत पुढच्या वर्षाचे घड तयार होतात. ते डोळ्याला दिसत नाहीत, काडीच्या डोळ्यात असतात. या दोन महिन्यांत बागेला पाणी कमी पडले तर पुढच्या साली घडच येत नाहीत. म्हणून एप्रिल-मेमध्ये बागायतदार पिण्याच्या पाण्यासारखे टँकर विकत घेऊन वेलींना घालत होते. ठिबकच्या नळीखाली उसाचे पाचट अंथरून प्रत्येक थेंब धरून ठेवायची धडपड चालली होती. दुष्काळात बाग तोडून टाकावी की कर्ज काढून जगवावी, हा हिशेब घराघरात रात्री बसून होत होता.

राज्यात त्या उन्हाळ्यात सहा हजारांवर टँकर धावत होते. जनावरांच्या चारा छावण्यांना मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये मिळत होते, ते मे महिन्यात १०० झाले. लहान जनावराचे ४५ वरून ५० झाले. त्यातच लोकसभेची निवडणूक आली. २३ एप्रिलला सांगलीत मतदान झाले आणि लढत तिरंगी होती. भाजपचे संजयकाका पाटील १ लाख ६४ हजारांच्या मताधिक्याने निवडून आले, स्वाभिमानी पक्षाच्या चिन्हावर लढलेले विशाल पाटील दुसरे आले आणि वंचित बहुजन आघाडीच्या गोपीचंद पडळकरांनी तिसऱ्या जागेवर राहूनही तीन लाख मते घेतली. पडळकरांच्या राजकारणाचा धागा याच तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाच्या बनाशी जुळलेला आहे. धनगर समाजाचे हे मोठे श्रद्धास्थान आणि मेळाव्यांचे ठिकाण. त्या निवडणुकीत प्रत्येक सभेत पाण्याचा विषय निघाला. म्हैसाळचे पाणी कुणी आणले, यावरून श्रेयाची भांडणे झाली. पाणी कसे येते आणि का थांबते, यावर मात्र फारसे कुणी बोलले नाही. ते इथे नीट सांगायला हवे.

म्हैसाळ हे मिरज तालुक्यातले कृष्णाकाठचे गाव. तिथे नदीवर बंधारा आहे. त्या बंधाऱ्यातून पंपाने पाणी उचलून कालव्यात सोडतात. कालवा थोडा पुढे जातो, मग पुढचे पंपगृह ते पाणी आणखी वर चढवते. अशा सहा टप्प्यांनी कृष्णेचे पाणी मिरज पूर्व, कवठे महांकाळ, तासगाव, जत आणि थेट सोलापूरच्या सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला पोचवायचे, अशी ही योजना. ताकारी या दुसऱ्या उपसा योजनेसह तिचे सरकारी नाव कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्प. म्हैसाळचे लाभक्षेत्र ८१,६९७ हेक्टर आणि तिच्या वाट्याचे पाणी साधारण साडेसतरा टीएमसी. १९८० च्या दशकात तिला मंजुरी मिळाली तेव्हा तिचा खर्च शंभर कोटींच्या आत होता. पुढे तो हजारो कोटींत गेला. मधल्या काळात कामाला वेग यायला एक कारण घडले. बच्छावत लवादाने १९७६ मध्ये महाराष्ट्राला कृष्णेतले ५६० टीएमसी पाणी दिले होते आणि ३१ मे २००० नंतर या वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर आपले पाणी अडवले-वापरले नाही तर वाटा हातचा जाईल, या धास्तीने १९९६ मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि रखडलेल्या उपसा योजनांना पैसा मिळू लागला.

पंपाने चढवलेल्या पाण्याला विजेचे बिल येते. धरणाच्या कालव्याचे पाणी उताराने येते, त्याला ते लागत नाही. म्हणून म्हैसाळच्या पाण्याचे आवर्तन ठरते ते पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाबरोबरच महावितरणच्या थकबाकीवर. बिल थकले की पंप बंद. मग टंचाई निधीतून पैसे भरायचे, पुन्हा पंप चालू. ताकारीच्या भागात ऊस जास्त असल्याने पाणीपट्टी कारखान्याच्या बिलातून कापून घेता येते. द्राक्षाचा माल व्यापाऱ्याला जातो, बेदाणा सौद्यात जातो, तिथे पाणीपट्टी कापायची सोय नाही. त्यामुळे कवठे महांकाळची वसुली नेहमी मागे राहिली आणि दोष शेतकऱ्याच्या माथी आला. पुढे सरकारने उपसा योजनांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार स्वतः उचलायचा आणि १९ टक्के शेतकऱ्यांनी भरायचा, असे सूत्र ठरवले. हे सूत्र ठरले नसते तर २०१९ चा उन्हाळा याहून वाईट गेला असता, असे माझे स्पष्ट मत आहे. बेदाण्याच्या भागातली एक बाग जगली तर छाटणीवाल्या मजुरांपासून शेडवर माल निवडणाऱ्या बायकांपर्यंत किती घरे जगतात, ते पाहिले म्हणजे हा खर्च वाया गेला असे म्हणवत नाही.

पाणी चढवायचे हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. कॅरिबियन समुद्रात पोर्तो रिको नावाचे बेट आहे, अमेरिकेच्या ताब्यातले. क्षेत्रफळाने ते जवळपास सांगली जिल्ह्याएवढेच. तिथेही मधोमध डोंगररांग आहे. ईशान्येकडून येणारा वारा एल युंकेच्या डोंगरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडतो आणि डोंगरापलीकडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ग्वानिकाच्या कोरड्या जंगलात निवडुंग उगवतात. आपल्याकडे शिराळ्याहून जतला जावे, तसाच हा फरक. तिथे १९५० च्या दशकात सरकारने डोंगरात धरणे बांधून, बोगदे खोदून पाणी कोरड्या लाजास खोऱ्यात नेले. पण तिथले पाणी उंचावरून खाली उतरते. उतरता उतरता वीज देते आणि मग शेतात जाते. आपल्याला मात्र खालचे पाणी वर न्यायचे आहे. त्यांची योजना वीज तयार करते, आपली वीज खाते. पर्जन्यछाया दोन्हीकडे सारखी असली तरी भूगोलाने आपल्यावर हा जादा भार टाकला आहे. तो मान्य करूनच पुढचा हिशेब मांडावा लागतो.

आता पावसाळ्याकडे येऊ. २०१९ चा मान्सून केरळात ८ जूनला पोचला, म्हणजे आठवडाभर उशिरा. जूनमध्ये देशभरात सरासरीच्या ३३ टक्के कमी पाऊस झाला. कवठे महांकाळच्या माळावर मृगाने तोंड दाखवले नाही. पुढे जुलैच्या अखेरीपासून पश्चिमेला कोसळायला लागले. कोयना, वारणा भरल्या, विसर्ग वाढले, कृष्णा पात्र सोडून गावात शिरली. पूर्वेला त्या दिवसांत ढग धावत होते, भुरभुर होत होती, पण तलाव भरेल असे काही नव्हते. पश्चिमेच्या गावांत बोटी आणि पूर्वेच्या गावांत टँकर, असे चित्र एकाच जिल्ह्यात होते. पूर्वेच्या गावांनी तरीही हात आखडला नाही. ज्यांच्या घरी स्वतःला पाणी नव्हते त्यांनी भाकरी, चटणी, कपडे, चारा गोळा करून पूरग्रस्तांना पाठवला. पुरावर लिहिताना हे कुणी लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

तेव्हापासून एक प्रश्न सतत विचारला जातो: पुराचे वाहून जाणारे पाणी दुष्काळी भागात का वळवत नाही? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर आकड्यात पाहावे. एक लाख क्युसेकने पाणी दिवसभर वाहिले तर ८.६४ टीएमसी होते. त्या ऑगस्टमध्ये अलमट्टी धरणातून पाच लाखांहून अधिक क्युसेक सोडले जात होते. दोन लाख क्युसेक एवढेच धरले तरी एका दिवसात १७ टीएमसीहून जास्त पाणी जाते. म्हणजे म्हैसाळ योजनेच्या वर्षभराच्या वाट्याएवढे पाणी पुराच्या एका दिवसात निघून जाते. हे पाणी त्या दिवशी उचलण्याएवढे पंप जगात कुठे बसवता येणार नाहीत. बसवले तरी वर्षातले पंधरा दिवस चालणार आणि उरलेले दिवस उभे राहणार. पुराची पातळी यामुळे इंचभरानेही उतरणार नाही, हे कृष्णाकाठच्या माणसाला स्पष्ट सांगितले पाहिजे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जुलै ते सप्टेंबर हे नव्वद दिवस नदी भरून वाहते. या दिवसांत आहेत तेच पंप पूर्ण ताकदीने चालवून बसप्पावाडीसारखे मध्यम प्रकल्प, गावोगावचे पाझर तलाव आणि अग्रणीवरचे बंधारे भरून ठेवता येतात. त्यासाठी पूर यायची वाट पाहायची नाही. पावसाळ्यात पाणी उचलायचे म्हणजे वेड्यासारखे वाटते, पण या तालुक्यासाठी तेच शहाणपण आहे. उन्हाळ्यात नदी आटलेली असताना आवर्तन मागण्यापेक्षा ते स्वस्तही आहे आणि कुणाच्या तोंडचे काढून घेतलेलेही नाही.

पाणी या तालुक्यावरून जाते आणि थांबत नाही, याचा एक दाखला तीन वर्षे आधीचा आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरसाठी मिरजेतून पाण्याची रेल्वे निघाली. ११ एप्रिलला दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी भरून ती सुटली आणि ३४२ किलोमीटर जाऊन १२ तारखेला पहाटे लातूरला पोचली. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. त्या गाडीचा मार्ग मिरज-पंढरपूर लोहमार्गाचा, म्हणजे कवठे महांकाळ आणि ढालगाव स्टेशनांवरूनच. दुष्काळी तालुक्यातून कृष्णेचे पाणी रुळावरून पुढे गेले. लातूरची तहान मोठी होती, तिथे ते जायलाच हवे होते. पण त्या रुळांच्या दोन्ही बाजूंची गावेही त्या उन्हाळ्यात टँकरवरच होती, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

२०१९ चा खरा तडाखा मात्र ऑक्टोबरमध्ये बसला. त्या वर्षी मान्सून माघारी फिरायला ९ ऑक्टोबर उजाडला. तोवरच्या नोंदींतली ही सर्वांत उशिराची माघार. हिंदी महासागराच्या पश्चिम बाजूचे पाणी त्या वर्षी फार तापलेले होते. हवामानशास्त्रज्ञ याला हिंदी महासागराचा द्विध्रुव म्हणतात आणि त्या साली तो कमालीचा प्रबळ होता. अरबी समुद्रात ऑक्टोबरअखेर 'क्यार' आणि लगोलग 'महा' अशी वादळे उठली. जूनमध्ये ३३ टक्के तूट दाखवणारा मान्सून देशभराचा हिशेब ११० टक्क्यांवर मिटवून गेला. १९९४ नंतरचा तो सर्वाधिक पाऊस होता.

१८ ऑक्टोबरची साताऱ्याची सभा महाराष्ट्राला पाठ आहे. शरद पवार भर पावसात भिजत बोलत राहिले, तो फोटो घरोघर पोचला आणि पुढे त्या पावसाने राजकारण फिरवले असे लोक सांगू लागले. तोच पाऊस त्याच दिवसांत कवठे महांकाळच्या द्राक्षबागांवर पडत होता. इथे त्याची आठवण वेगळी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते. छाटणीनंतर डोळे फुगतात, मग पोंगा येतो, पाने उलगडतात आणि महिना-सव्वा महिन्यात घड फुलोऱ्यात येतो. फुलोऱ्यातला घड हाताच्या बोटाएवढा, हिरव्या टाचणीच्या डोक्यासारख्या कळ्यांचा असतो. त्या कळ्यांत पाणी साचून राहिले की घड कुजतो. पानावर वरून तेलाच्या थेंबासारखा पिवळसर डाग दिसला आणि पान उलटून पाहिले तर खाली पांढरी बुरशी, म्हणजे डाऊनी आली. गावात तिला दावण्या म्हणतात. दावण्या एका रात्रीत बाग धरतो. औषध मारायचे तर ट्रॅक्टर चिखलात रुततो, म्हणून पाठीवरचा पंप घेऊन माणसे गुडघाभर चिखलात उतरली. पहाटे उठून ब्लोअरची कोरडी हवा मारून घडांवरचे पाणी झाडत होती. दुपारी पुन्हा पाऊस आला की सकाळची फवारणी धुऊन जाई आणि संध्याकाळी पुन्हा तीच. काहींचे घड जिरले, काहींची कूज झाली. ज्यांनी लवकर छाटणी घेतली होती त्यांचे सर्वांत जास्त गेले. एप्रिलमध्ये टँकरने पाणी घालून जगवलेली बाग नोव्हेंबरमध्ये पाण्यानेच गेली.

मतदान २१ ऑक्टोबरला झाले, तेही पावसातच. तासगाव-कवठे महांकाळ मतदारसंघात राष्ट्रवादीच्या सुमन पाटील यांनी शिवसेनेचे अजितराव घोरपडे यांना साठ हजारांहून अधिक मतांनी हरवले. माजी गृहमंत्री आर. आर. पाटील १६ फेब्रुवारी २०१५ ला गेले, त्यानंतरच्या पोटनिवडणुकीपासून सुमनताई इथल्या आमदार होत्या. निकाल लागला, पण राज्यात महिनाभर सरकारच बसले नाही. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. बागांचे पंचनामे चालू होते आणि मदत जाहीर करायला मंत्रालयात मंत्री नव्हते. अखेर १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरिपासाठी हेक्टरी ८ हजार आणि फळबागांसाठी हेक्टरी १८ हजार रुपये, तेही दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले. एकरी हिशेब केला तर सव्वासात हजार होतात. फळछाटणीपासून माल काढेपर्यंत एका एकराला औषध, मजुरी, खत मिळून लाखांत खर्च येतो. मदत नाकारण्यासारखी नव्हती, पण तिने औषधांच्या दुकानाची उधारीसुद्धा फिटली नाही. डिसेंबरमध्ये नव्या सरकारने दोन लाखांपर्यंतची पीककर्जमाफी जाहीर केली. द्राक्षवाल्यांचे कर्ज बहुधा त्या मर्यादेच्या वरचे असल्याने या भागातल्या बऱ्याच जणांना ती लागू पडली नाही.

द्राक्षवाल्याचे वर्ष ३१ डिसेंबरला संपत नाही. वाचलेला माल फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये तयार झाला, बाजार चढेल अशी चिन्हे होती आणि २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. व्यापारी आले नाहीत, गाड्या निघाल्या नाहीत. मग जमेल त्याने माल बेदाण्याला टाकला. या तालुक्यातली कोरडी हवा बेदाण्याला फार मानवते, म्हणून नागज, शिरढोण, अग्रण धुळगावच्या बाजूला शेडच्या रांगा दिसतात. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून जाळ्यांवर पसरतात, पंधरवड्यात ती वाळतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. उन्हाळ्यातला टँकर, पावसाळ्यातले कोरडे तलाव, दिवाळीचा दावण्या आणि चैत्रातली टाळेबंदी, एवढे सोसून जो बेदाणा तासगाव-सांगलीच्या सौद्यात गेला, तेच कवठे महांकाळच्या २०१९ चे पीक.

त्यानंतर पुष्कळ हालचाल झाली. म्हैसाळ योजनेचे पंप सौरऊर्जेवर चालवण्यासाठी जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेच्या कर्जातून सुमारे २०० मेगावॉटचा प्रकल्प घेण्याचे ठरले. वीजबिलाचे मूळ दुखणे त्यातून खरोखर कमी होऊ शकते, म्हणून तो वेळेत पुरा होतो का, यावर तालुक्याने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवले पाहिजे. पावसाळी आवर्तनाची मागणी मात्र आपणच रेटायची आहे, कारण कृष्णाकाठच्या पुढाऱ्यांना ती सुचणार नाही.

वाचकांपैकी जे या तालुक्यातले बागायतदार आहेत, त्यांना एक विनंती आहे. द्राक्षवाला छाटणीची तारीख, फवारणी, पाऊस हे सारे वहीत टिपतो. २०१९ च्या वह्या अजून घरात कुठेतरी असतील. त्या रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात किंवा हायस्कूलमध्ये त्यांची झेरॉक्स तरी द्या. सरकारी दफ्तरात त्या वर्षाचे पंचनामे सापडतील, पण कोणत्या रात्री किती पाऊस झाला आणि दुसऱ्या दिवशी बागेत काय दिसले, हे फक्त त्या वह्यांतच आहे.